कोरड्या हवेतली सुंठ

मी अमेरिकेला निघाले तेव्हा गगनबावड्याच्या स्टँडवर एसटी सुटायच्या आधी आईनं खिडकीतून डबा आत सरकवला. सुंठ, मिरी, पिंपळी कुटून केलेलं तिचं चूर्ण. "खोकला आला की मधातनं चाट." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. तिकडच्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी एम.एस. केलं, गेली तीन वर्षं जर्सी सिटीत नोकरी करते. हे मी अभिमानानं सांगते, सांगणारच.

इथं फॉल, म्हणजे पानगळीचा ऋतू आला, हीटर सुरू झाला की मला खोकला. डॉक्टर म्हणाले, छाती क्लिअर आहे. मग मी चूर्ण वाढवलं. गावाकडून कुणी येणार असलं की आई नवा डबा पाठवायची.

यंदा ऑफिसातल्या मेई नावाच्या मैत्रिणीनं मला तिच्या मावशीकडे नेलं. मावशी चिनी वैद्य. तिनं जीभ बघितली, दोन्ही मनगटांची नाडी बघितली, काय घेतेस विचारलं. मी ऐटीत डबा पुढं केला. तिनं चिमूटभर चाखलं.

"औषध चांगलं आहे. तुझं गाव पावसाचं का?"

"पावसाळ्यात आठवडाभर ऊन दिसत नाही."

"मग तिथं बरोबर. इथं शरदात हवा फुफ्फुस सुकवते, आणि तू वरून रोज सुंठमिरीचे निखारे टाकतेस. खडीसाखर घालून वाफवलेली नासपती खा."

तीन वर्षं मी आईच्याच औषधानं खोकत होते? आमची अख्खी गल्ली तिचं चूर्ण नेते. तिला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? चार दिवस फोन टाळला. रविवारी सांगून टाकलं. ती दुखावेल असं वाटलं होतं.

"आजपासनं बंद कर," आई म्हणाली. "तिकडची हवा कोरडी हाय, हे मला कोण सांगणार? इचारलं की तुझं आपलं, सगळं मस्त हाय."

हा धक्का पहिल्यापेक्षा मोठा होता. मी डिग्री सांगितली, पगार सांगितला, बाविसाव्या मजल्यावरनं नदी दाखवली. ओठ फुटतात, सकाळी नाकातून रक्त येतं, हे कधीच नाही. घरातली पहिली शिकलेली मुलगी रडगाणं कसं गाणार? म्हणून ती बिचारी तिच्याच हवेचं औषध पाठवत राहिली.

इकडे आलेल्या तुम्हा सगळ्यांना सांगते, फोटोतलं सुख पाठवून घर लांबच जातं. आता मी आईला आधी दुखणं सांगते, मग बाकीचं. तेवढा वेळ मी घरी असते.

काल तिचा निरोप आला, "त्या चिनी बाईला इचार, नाकात तूप सोडलं तर चालंल का."