टोकन नंबर एकतीस

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे सहीबाई म्हणतात. तोंडावर नाही, तेवढी हिंमत कुणाची नाही. हे ऑफिस निवडून आलेल्या मॅडमचं. कुणाची पेन्शन अडली, कुणाच्या नळाला महिनाभर पाणी नाही, कुणाचा दाखला चार टेबलांवर फिरून हरवला, की माणसं इथं येतात, टोकन घेतात आणि सहीबाईंसमोर बसतात. मग आम्ही त्यांच्या वतीनं त्या त्या खात्याला विचारतो. पण ज्याच्या वतीनं विचारायचं, त्याची परवानगीची सही हवी. सही नसेल तर बाई कागदाला हात लावत नाहीत. खुद्द मॅडमच्या सासऱ्यांना त्यांनी एकदा सहीसाठी घरी परत पाठवलं होतं.

आठ वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतेय, त्यामुळे बोलायचा हक्क मला आहे. बाई कामाला वाघ आणि स्वतःच्या बाबतीत पक्की खुळी.

त्यांची मुलगी परदेशात. दिवस भरत आलेले, पहिलंच बाळंतपण. "आई, तू हवीस," असं ती रोज फोनवर म्हणायची. जुन्या पासपोर्टवरचा व्हिसा अजून चालत होता, बाकी सगळी तयारी तिनं तिकडून करून ठेवली होती. घोडं अडलं होतं ते पासपोर्टवर. मुदत संपलेला पासपोर्ट नवा करून घ्यायला बाईंनी अर्ज केला, त्याला दोन महिने झाले, आणि अर्ज आपला तपासणीतच. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला एकोणीस दिवस उरले.

मी म्हटलं, "द्या इकडे नंबर, एक फोन करते."

कपाट फोडायला निघालेल्या चोराकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आतल्या माणसानं आतल्या आत काम उरकून घेतलं, तर बाहेरच्यांनी रांगेत कशाला उभं राहायचं?"

विषय संपला. दुपारी डबा मात्र अर्धा तसाच उरायचा.

आणि एका सोमवारी, तीस नंबरचे आजोबा उठले आणि समोरच्या खुर्चीत टेलरमास्तर येऊन बसले. टेलरमास्तर म्हणजे बाईंचे यजमान. गळ्यात टेप तसाच, शर्टावर दोऱ्याचे तुकडे. सकाळी साडेआठपासून बाहेरच्या बाकावर बसले होते, हे मला नंतर कळलं.

"अहो, तुम्ही इथं काय करताय?" बाई कुजबुजल्या.

"टोकन एकतीस," मास्तर मोठ्यानं म्हणाले. "बाई, मी या मतदारसंघाचा मतदार आहे. माझी तक्रार आहे. माझ्या बायकोचा पासपोर्ट अडकलाय."

मी फाइलमागे तोंड लपवलं.

"घरी बोलू."

"घरी बोलून काय होतंय? दोन महिने घरीच बोलतोय." त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. सुरेख अक्षरात भरलेला, कपडे बेतावेत तसा नेटका. सगळे रकाने भरलेले, फक्त 'संबंधित व्यक्तीची सही' हा एक मोकळा.

"सही नाही," बाई सवयीनं म्हणाल्या आणि फॉर्म परत द्यायला लागल्या.

"मग करा की."

आता बाईंची खरी पंचाईत झाली. फॉर्म घ्यावा तर तत्त्व मोडतं, परत करावा तर रांगेतून आलेल्या माणसाला हात हलवत पाठवल्यासारखं होतं. पेन हातात धरून त्या बसून राहिल्या. दोन मिनिटं गेली, चार गेली. मागून बत्तीस नंबरच्या आजी कडाडल्या, "अगं बाई, कर ना सही! तुमच्या संसारापायी आम्ही किती वेळ ताटकळायचं?"

एवढं मात्र लागू पडलं. आपल्यापायी रांग खोळंबलीय हे बाईंना सहन होणं शक्यच नव्हतं. त्यांनी सही केली, फॉर्म माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, "माझं काम मी हाताळणार नाही. तू बघ." आणि लगेच, "आजी, या."

मी पासपोर्टच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडचा माणूस ओळखीचा. त्यानं नंबर घातला, वाचलं आणि हसायलाच लागला. "अहो, आम्ही तुमच्याच उत्तराची वाट बघतोय! ही बाई तुमच्याकडे नोकरीला आहे का, एवढंच विचारलं होतं. पत्र पाठवून दीड महिना झाला."

आमच्याकडे टपाल फोडतं कोण? सहीबाई. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. त्यांनी सगळ्यांत खालचा खण ओढला आणि तळातून एक बंद लिफाफा काढला. लिफाफ्यावरच लिहिलेल्या विषयात स्वतःचं नाव दिसल्याबरोबर 'घरचं काम, लोकांचं झाल्यावर बघू' म्हणून त्यांनी तो न फोडताच ठेवून दिला होता. लोकांचं काम कधी संपतं का?

मास्तरांनी कपाळावर हात मारला. बत्तीस नंबरच्या आजी तर खुर्ची धरून हसत होत्या. आणि मग बाईसुद्धा हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं. मला त्या क्षणी त्यांच्याविषयी इतकी माया वाटली की उठून मिठीच मारावीशी वाटली. मारली नाही, पुढे तेहतीस नंबर उभा होता.

मॅडमनी तासाभरात उत्तरावर सही केली. अकराव्या दिवशी पासपोर्ट आला आणि तेराव्या दिवशी बाई विमानात बसल्या. जाताना त्यांनी मला प्रलंबित कामांची तीन पानी यादी दिली.

आमच्याकडे एक पद्धत आहे. काम झालं असं अर्जदारानं स्वतः सांगितल्याशिवाय आम्ही फाइल बंद करत नाही. या फाइलवर अर्जदार होते मास्तर. डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटल्यावर मी त्यांना दुकानात फोन केला.

"मास्तर, ऑफिसातून बोलतेय. झालं का तुमचं काम?"

"झालं, झालं!" मशीन थांबल्याचा आवाज आला. "पहाटे नात झाली! सव्वातीन किलो! आजीच्या मांडीवर गाढ झोपलीय, फोटो आलाय. सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवून झाला."

"अभिनंदन! मग करू ना फाइल बंद?"

मग मास्तर हळूच म्हणाले, "करा. पण एक विचारू? घर खायला उठतं हो. तिला परत आणायचं असेल, तर टोकन किती वाजल्यापासून मिळतं?"