लिनक्सचं पहिलं गिऱ्हाईक

पुस्तकात लिहावं एवढं माझं वय नाही, अनुभवही नाही. घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कुठे किती बोलावं हे अजून नीट कळत नाही. चुकलं तर माफ करावं.

रिसोडला बी.एस्सी. करताना दुपारनंतर मी जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून विकणाऱ्या एका दुकानात बसतो. मागच्या वर्षी तिथे ऑफिसांतून आलेल्या बऱ्याच मशीन पडून होत्या. सगळ्यांच्या ओळखीच्या सिस्टमची नवी आवृत्ती त्यांवर चालत नव्हती. मी भीतभीत म्हणालो, "भाऊ, यांच्यावर लिनक्स नावाची दुसरी सिस्टम टाकू. फुकट मिळते, जुन्या मशीनवर चांगली चालते."

दुकानवाले भाऊ हसले. "फुकट म्हटलं की लोक हातच लावत नाहीत, बाप्पा. त्याइले वाटते काहीतरी खोट असंल."

तरी त्यांनी एक मशीन मला दिली. आमच्याकडे बैल घेणारा आधी तो कामाला जुंपून पाहतो, नाही पटला तर पुढच्या बाजाराला परत आणतो. त्याच बोलीवर ती लिनक्स टाकून गिऱ्हाइकाला द्यायची. परत आली, तर बाकी सगळ्या भंगारात.

रिठदकडच्या एक भाजीवाल्या काकू लेकीला मराठी टायपिंग शिकायला कॉम्प्युटर हवा म्हणून आल्या. "याच्यात खोट काय हाय?" त्यांनी सरळ विचारलं. मी म्हणालो, "काहीच नाही." पडदा आणि मेनूही मी हुबेहूब ओळखीच्या सिस्टमसारखे करून ठेवले होते.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "काहून रे, मले फसवून राह्यला का? भाचा म्हणते हे दुसरंच हाय. बैलाची खोड बी माणूस आधी सांगते."

मी सायकलने त्यांच्या मळ्यातल्या घरी गेलो. कोणते प्रोग्राम चालणार नाहीत, प्रिंटर जोडताना काय त्रास होईल, सगळं सांगितलं. मग काय चालतं तेही दाखवलं. लेक टाइप करताकरता म्हणाली, "चांगलं हाय वं माय, अटकत नाही."

काकू मेथीच्या जुड्या बांधत होत्या. "मंग हे पहिलेच सांगाले तुले काय झालतं?" एवढंच बोलल्या. मशीन ठेवणार की नाही, ते नाही बोलल्या.

परतताना वाटलं, ही सिस्टम आमच्याकडे खपेल की नाही, हे तिच्या गुणांपेक्षा अडल्यावर कोण धावून येतं यावर जास्त ठरेल. तेव्हा खात्री नव्हती. आजही पूर्ण नाही.

बाजाराच्या दिवशी दुकानासमोर ऑटो थांबला की मशीन परत आली का ते पाहायला मी दाराशी जायचो. संध्याकाळी भाऊ बाजारातून आले, पिशवी खुर्चीवर ठेवली आणि म्हणाले, "ठेवून घेतली तिनं मशीन. बाजूच्या कांदेवालीले बी एक पायजे म्हणते. फक्त याच्यात काय होत नाही ते पोरानं आधी सांगाचं, म्हणे."