तात्या धोकादायक आहेत काय?

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. आपण नोकरी करत असतो, मुलांची लग्नं करत असतो, आणि ते दिव्याच्या काचेवर काजळी धरावी तसे आपोआप साठत जातात. पुसायला घेतलं की हात काळे होतात, म्हणून आमच्या मंडळींपैकी कुणी इतकी वर्षं पुसायला घेतले नाहीत. आता त्या मंडळींतला मी एकटाच उरलो आहे. माझं चुकलं तर खोडून काढायला कुणी नाही, ह्याचीच मला जास्त धास्ती वाटते.

ज्यांनी देवास पाहिलं नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो, की त्या काळी ते गाव एक होतं आणि राज्यं दोन होती. थोरली पाती आणि धाकटी पाती. राजे दोन, दिवाण दोन, कोर्टं दोन. काही रस्ते असे, की ह्या बाजूच्या ओट्यावर एकाचं राज्य आणि समोरच्या ओट्यावर दुसऱ्याचं. मी एका पातीच्या शाळेत शिकवत होतो. कुठल्या, ते सांगत नाही. माणसं गेली तरी त्यांचे वारस असतात.

शाळा सुटली की ओसरीवर आमची बैठक बसे. हेडमास्तर अण्णासाहेब, वकील बापूसाहेब, संस्कृत आणि कवाईत शिकवणारे तात्या, आणि मी. बापूसाहेब मूळचे धारचे. एका गावात दोन कोर्टं आहेत हे कळल्यावर त्यांनी धार सोडली. "हे गाव देवाने वकिलांसाठी बांधलं," असं ते म्हणत.

*

एके दिवशी इंदूरहून वरच्या इंग्रज साहेबांचं सर्क्युलर दोन्ही दरबारांत आलं. आशय असा, की बाहेरच्या शत्रूपेक्षा घरातली माणसं जपून पाहावीत. धर्माच्या आणि व्यायामाच्या आडून तरुणांना चिथावलं जात आहे. तालमी, गणपतीतले मेळे आणि ते चालवणारे वजनदार शिक्षक ह्यांच्यावर नजर ठेवावी. ज्याच्याविषयीचा संशय खरा ठरेल त्याची नोकरी जाईल आणि त्याला हद्दीबाहेर घालवलं जाईल.

वाचून दाखवण्याचा हुकूम होता, म्हणून अण्णासाहेबांनी ओसरीवर आधी इंग्रजीत आणि मग मराठीत वाचलं. गावात नाव घेण्याजोगी तालीम एक, मेळा एक, आणि दोन्ही चालवणारा शिक्षक एकच. आम्ही सगळे त्याच्याकडे पाहू लागलो.

तात्या सुपारी कातरत होते. अंगाने ते काडीसारखे. उपरणं घेतलं तर तेवढंच वजन वाढायचं.

"तात्या, ऐकलंत ना?" अण्णासाहेब म्हणाले.

"ऐकलं," तात्या म्हणाले. "ते 'वजनदार शिक्षक'पासून पुन्हा एकदा वाचा. जरा सावकाश."

*

सर्क्युलर येण्यापूर्वी तात्यांच्या तालमीत मोजकी पोरं येत. तीही भिजवलेल्या हरभऱ्यांसाठी. तात्या स्वतः हरभरे भिजत घालत, आणि ते संपले की जोर-बैठकाही संपत.

सरकारला ही तालीम भयंकर वाटते हे गावात पसरलं मात्र, महिन्याभरात तिथे उभं राहायला जागा उरली नाही. बाप स्वतः मुलांना हाताला धरून आणू लागले. हरभरे बंद झाले तरी पोरं येत राहिली. तात्यांच्या आवाजात खर्ज आला. ते चालताना काठी वापरू लागले, आणि तीही टेकत नसत, नुसती धरत.

अण्णासाहेब काळजीचे गृहस्थ. सर्क्युलर योग्य आहे असंच त्यांचं मत होतं. पण शाळेचा हजेरीपट पाहून एकदा सुस्कारा टाकून म्हणाले, "सरकारने एखादं सर्क्युलर गणिताविरुद्ध काढलं असतं तर बरं झालं असतं."

*

मग आमच्या पातीत हुकूम निघाला, की तालमीबाहेर रस्त्यावर लाठी फिरवायची नाही. तालीम आमच्या बाजूला होती. तात्यांनी हुकूम शिरोधार्य मानला, पोरांना घेऊन रस्ता ओलांडला आणि समोरच्या ओट्याखाली लाठी सुरू केली. तिथे दुसरं राज्य.

आमच्या पातीचा शिपाई ह्या कडेला उभा राहून बघत राहिला. त्या पातीचा शिपाई त्या कडेला बसून तंबाखू मळत होता.

"क्यों भिया," आमच्याने विचारलं, "तुम्हारी पाँती में कागज नहीं आया क्या?"

"आया है," तो म्हणाला. "पर अभी हुकम नहीं आया. जब आ जाएगा, तुम्हारे यहाँ भेज देंगे इनको."

*

ओसरीवर रोज ह्याच विषयाचा कीस पडू लागला. बापूसाहेबांचं म्हणणं, सरकारला आता सावल्याही सशस्त्र दिसतात. अण्णासाहेब म्हणत, "आग लागण्याआधी घंटा वाजवायची नाही, तर मग केव्हा?"

"आणि घंटा ऐकून लोक काड्यापेट्या घेऊन जमतात, त्याचं काय?" बापूसाहेब विचारत.

ऐकताना मला दोघांचंही पटत असे. घरी गेल्यावर दोघांचंही पटेनासं होई. चार बुकं जास्त वाचली म्हणून मंडळी माझ्याकडे निकालासाठी बघत, आणि मी पाण्याचा तांब्या पुढे करत असे.

तात्या ह्या वादात बोलत नसत. वरपक्षाने हुंड्याची बोलणी करावीत आणि नवऱ्यामुलाने खिडकीबाहेर बघावं, तसे ते बसलेले असत.

*

एक प्रसंग मात्र हसण्यासारखा नव्हता. तो गाळावा की काय, ह्याचा मी फार विचार केला.

बाजारात एका बोहरी व्यापाऱ्याचं कापडाचं दुकान होतं. मँचेस्टरचा माल ठेवी, पण ठेवी ते उघडपणे. तालमीतली काही मोठी पोरं रोज सकाळी लाठ्या घेऊन त्याच्या दुकानासमोर उभी राहू लागली. बोलत काही नसत, कुणाला अडवत नसत. गिऱ्हाइकं आपणहूनच पलीकडच्या दुकानात जात.

मी तात्यांना विचारलं. ते म्हणाले, "मास्तर, उभं राहण्यावर अजून कुठल्याच पातीत बंदी नाही."

हे उत्तर मला तेव्हा चलाख वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी मी धोतरजोडी घ्यायला गेलो, तेव्हा ते त्या व्यापाऱ्याला सांगितलंही. त्याने थान उलगडता उलगडता ऐकून घेतलं.

"मास्टर साब," तो म्हणाला, "खड़े तो ये लड़के आपके सामने भी होते हैं. वहाँ लाठी लाते हैं क्या?"

मी धोतरजोडी न घेताच परत आलो. ओसरीवर हे सांगितलं तेव्हा त्या दिवशी वाद झाला नाही. तात्यांनी सुपारीची चंची बांधली आणि ते लवकर उठले.

*

ह्याच सुमारास बापूसाहेब एका मुंजीसाठी धारला जाऊन आले. सर्क्युलर तिथेही पोचलं होतं. तिथली तऱ्हा त्यांनी सांगितली ती अशी. मी स्वतः पाहिलेली नाही, आणि बापूसाहेब वकील होते, हे लक्षात ठेवून वाचावं.

धारच्या काही मंडळींनी राजनिष्ठा दिसावी म्हणून वादविवादाची सभा ठरवली. विषय: 'सरकारची सूचना वेळीच आहे.' सभेला दरबारचे एक बडे अधिकारी पुढच्या खुर्चीवर. त्यामुळे विरुद्ध बाजूने बोलायला कुणी तयार होईना. आणि बाजूने बोललं तर घरी पोरं तोंडावर हसतील, म्हणून बाजूनेही कुणी उठेना.

शेवटी अमझेऱ्याकडचे एक पेन्शनर मामलेदार उठले. म्हणाले, "माझं पेन्शन ग्वाल्हेरचं आहे, इथलं नाही. मी दोन्हीकडून बोलतो." ते आधी उजव्या टेबलापाशी उभे राहून सरकारच्या बाजूने बोलले. मग डाव्या टेबलापाशी जाऊन "माझ्या विद्वान मित्रांनी आत्ता जो बालिशपणा केला" अशी सुरुवात करून त्यांनी स्वतःचे सगळे मुद्दे खोडून काढले. टाळ्या काय त्या, ते मधे पाणी प्यायले तेव्हाच पडल्या.

मत घ्यायची वेळ आली. बाजूने हात कुणी वर करेना, विरुद्ध कुणी वर करेना. अध्यक्षांनी घाम पुसला आणि जाहीर केलं, "ठराव एकमताने तहकूब."

*

ह्या सगळ्यात खरी काळजी एकाच माणसाला होती: तात्यांच्या पत्नीला. त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न धारच्या एका घरात ठरलं होतं. सासरा दरबारी नोकर. बाप हद्दपार झाला तर ती सोयरीक त्याच दिवशी मोडणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि चौकशीसाठी इंदूरहून साहेब यायचे आहेत अशी बातमी होती.

वहिनी आमच्या घरी आल्या. दाराआड उभ्या राहूनच बोलल्या.

"भावजी, तुम्ही सगळे त्यांना भ्यायल्यासारखं बोलता. तसं बोललं की ते फुगतात. साहेब आले की खरं काय ते सांगून टाका."

"खरं म्हणजे काय, वहिनी?"

"हेच, की त्यांचं कुणी ऐकत नाही. मी ऐकत नाही, मुली ऐकत नाहीत. बैल दिसला की गल्ली बदलतात. हे साहेबांना सांगा, म्हणजे नोकरीही राहील आणि माझी मुलगी उजवेल."

मी बापूसाहेबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "इतक्या वर्षांत ह्या गावातला पहिला मुद्देसूद बचाव मी आज ऐकला."

तात्यांना विचारायचं ठरलं. ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मुलीचा प्रश्न आहे. तुम्हाला योग्य वाटेल ते सांगा."

*

साहेब आले. दक्षिणेत, म्हणजे मराठी मुलखात नोकरी केलेले, मराठी जाणणारे, स्वभावाने चांगले असावेत. शाळेच्याच एका खोलीत टेबल मांडलं होतं. तात्यांना बाजूच्या बाकावर बसवलं. काळा कोट, पगडी, दोन्ही हात गुडघ्यांवर.

पहिले अण्णासाहेब. वास्तविक ते सर्क्युलरच्या बाजूचे. पण मित्रासाठी त्यांनी मन घट्ट केलं. "ह्यांच्या तासाला मुलं झोपतात, साहेब. चिथावणी द्यायची तर ऐकणारा आधी जागा हवा."

मग बापूसाहेब. "लाठी? घरात मांजर शिरलं तर हे शेजाऱ्याला हाक मारतात. शेजारी मीच आहे."

माझी पाळी आली. मी सांगितलं, की मेळ्यातली पदं ते स्वतः रचतात आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत अर्धी मंडळी उठून गेलेली असतात. हे खरं होतं. तात्यांच्या पगडीखालून घामाचा एक ओघळ निघाला आणि गालावरून खाली आला. त्यांनी तो पुसला नाही.

शेवटी साहेबांनी त्या बोहरी व्यापाऱ्याला बोलावलं. हे आम्हाला ठाऊक नव्हतं. अण्णासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आता सगळं संपलं असं मला वाटलं.

"तुमच्या दुकानासमोर मुलं लाठ्या घेऊन उभी राहत होती, हे खरं?" साहेबांनी विचारलं.

त्याने तात्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"खड़े रहते थे, हुजूर. मेरी दुकान पर सुबह छाँव रहती है."

"तुम्हाला भीती वाटली?"

"इनसे? मास्टरजी से?" तो म्हणाला. "इनसे कौन डरेगा, हुजूर."

साहेब हसले. त्यांनी टाक खाली ठेवला, कागद सारखे केले, आणि खुर्ची मागे सारत केवळ रीत म्हणून तात्यांना विचारलं, "ह्या सगळ्यांनी तुमच्याविषयी सांगितलं ते तुम्हाला मान्य आहे ना? तेवढं बोला आणि जा."

तात्या उठले. खोलीच्या दारापलीकडे वहिनींच्या लुगड्याचा काठ दिसत होता, तो त्यांनाही दिसला असणार. त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं. अण्णासाहेबांकडे पाहिलं, बापूसाहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्या व्यापाऱ्याकडे सगळ्यांत शेवटी.

"साहेब," ते म्हणाले, "ही सगळी माझी माणसं आहेत. मला वाचवायला ती काहीही सांगतील."

साहेबांनी टाक पुन्हा उचलला.