चार खोल्या रिकाम्या होत्या

माही सून कोहमाऱ्याच्या लॉजवर खोल्या झाडते. मुसलमान पाहुन्यायसाठी आता तिथं नमाजाची सतरंजी ठेवतात. काल तिनं एक धुवाले घरी आनली. तिले अत्तराचा वास होता, अन् मले थे म्हातारी आठवली.

तवा मी त्याच लॉजवर झाडझूड करत होती, भांडे घासत होती. रमजान होता, दिवस बुडून राहिला होता. थे बिमार नवऱ्याले घेऊन आली. मालक म्हनला, "जागा नाही." तिनं मले पुसलं, "सच बता बहन, एक भी कमरा खाली नहीं?"

चारही खोल्या सकाळी मीच झाडल्या होत्या, रिकाम्या होत्या. पन मालक माह्याकडंच पाहून राहिला होता, अन् माही चूल त्याच कामावर पेटे. मी म्हनली, "नाही जी."

"अच्छा," म्हनून तिनं नवऱ्याले पळसाखाली निजवलं. घोटभर पान्यावर रोजा सोडला अन् धुळीतच ओढनी हातरून नमाज पढली. माह्या मायले गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते, थे मी डोळ्यानं पाहिलं होतं. तरी मी जागची हालली नाही.

सुनेले सांगतलं, तं म्हनली, "कायले मनाले लावता, माय? आता देतात न खोली!"

देतात, बाई. पन थे म्हातारी आता कुठं भेटन मले?