चकाकीसाहेब

औषधाच्या गोळ्या बनवण्याच्या कारखान्यात तिच्या नवऱ्याला सगळे 'चकाकीसाहेब' म्हणत. त्याला तो मान वाटे. केसांना तेल, बुटांना पॉलिश, वरिष्ठ दिसले की जिभेवर साखर. माणूस सगळीकडून गुळगुळीत. ती त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. दोघं एकाच बसने येत, पण उतरलं की तो तिच्या पुढे चालायचा. साहेब ना!

मिश्रणखातं त्याच्याकडे आलं तेव्हा तापाच्या गोळ्या साच्याला चिकटत होत्या. वरची अक्षरं अर्धी साच्यातच राहायची. तसं होऊ नये म्हणून औषधात शेवटी एक पांढरी, बुळबुळीत पूड घालतात. अगदी थोडी, आणि तीही जेमतेम ढवळायची. जास्त फिरली की ती औषधाच्या कणाकणाला लपेटून बसते, पाण्याला आत शिरू देत नाही. हे खात्याच्या भिंतीवर लिहिलेलं होतं. पण वाचणं हे हाताखालच्यांचं काम, असं साहेबांचं मत. त्याने पूड वाढवली, ढवळायचा ड्रम चालू ठेवला आणि आरामात जेवून आला.

गोळ्या आरशासारख्या बाहेर पडल्या. मालकांनी एक उजेडात धरली आणि "वा!" म्हणाले. झालं, स्वारी हवेत तरंगू लागली.

मग नमुने तिच्या टेबलावर आले. कोमट पाण्यात गोळ्या फिरू लागल्या, त्या फिरतच राहिल्या. विरघळायचं नाव नाही. तिने दुसरे नमुने लावले. तीच रड.

संध्याकाळी घरी तिने सांगून टाकलं, "माल नापास करावा लागणार."

"अगं, नवरा आहे मी तुझा!"

"तापाने फणफणलेल्या माणसाला तसं कळवू का?"

"तुझं पाणीच गार असेल."

सासूबाई आतून म्हणाल्या, "थोडं चालवून घ्यावं गं. घरचंच माणूस आहे."

"आई, ती गोळी पोटात जशी जाईल तशीच बाहेर पडेल."

सासूबाईंनी कानांवर हात ठेवले.

सकाळी तिने नापासाची सही केली. सगळा माल नष्ट झाला आणि चकाकीसाहेबांची रवानगी खोकी बांधायच्या खात्यात झाली. त्याने तिच्याशी अबोला धरला. "आई, तिला म्हणावं, मीठ दे," असं समोर बसून सांगायचा.

पुढे एकदा सगळे नणंदेकडे जेवायला जमले. साहेबांची कळी खुलली. "माझ्या नजरेतून काय सुटतंय! मीच हिला म्हटलं, मला त्या गोळ्यांची शंका येतेय, नीट तपास."

"दादा म्हणजे दादाच!" नणंद म्हणाली, आणि सगळे होकारासाठी साहेबांच्या बायकोकडे वळले. आजवर अशा वेळी ती मान डोलवत आली होती.

तिला हसू फुटलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली.

"नाही हो वन्सं, बिघडवलं यांनीच होतं," ती म्हणाली. "भाजी वाढा जरा."