लेकरू कानडी हाय

कर्नाटकातल्या बिदरकडच्या हुलसूरला माझं पाण्याच्या मोटारींचे ऑटो स्टार्टर दुरुस्त करायचं दुकान आहे. एकदा एक बाई स्टार्टरचा बोर्ड घेऊन आल्या. मोटार बंद होती आणि गोठ्यात म्हशी तहानलेल्या होत्या. पदराच्या टोकाला बांधलेला चष्मा सोडून त्यांनी डोळ्यांवर चढवला आणि माझ्या लॅपटॉपसमोर स्टूल ओढलं.

चिप बोर्डावरच ठेवून मी तिच्यात नवा प्रोग्राम भरत होतो. पडद्यावर मात्र एकच ओळ येत होती, चिप उत्तर देत नाही. सप्लाय तपासला, केबल बदलली. शेवटी म्हणालो, "अक्का, चिप मेली."

"कोणत्या भाषेत इचारायलाव?"

"इंग्रजीच म्हणा."

"आमच्यात तीन भाषेत इचारल्याबिगर कुणाला मुकं म्हनत न्हाईत, अण्णा."

त्या बोर्डावर वाकल्या. "काय झालं बाळा?" मी बटण दाबलं. उत्तर नाही. "अरे बोल की, क्या हुआ?" पुन्हा दाबलं. नाही. मग कोपर टेकवून, अगदी जवळ जाऊन त्या कन्नडात म्हणाल्या, "हेळप्पा, एनातु?"

प्रोग्राम भरायला लागला.

ग्राउंडच्या तारेची सैल क्लिप त्यांच्या कोपराखाली दाबली जाऊन जोड लागला होता, ते मला दिसत होतं. "कोपर हलवू नका," एवढंच मी म्हणालो.

"लेकरू कानडी हाय," त्या म्हणाल्या.

क्लिप मी त्याच दिवशी नवी लावली. तरी एखाद्या चिपला मेली म्हणायच्या आधी, दुकानात कुणी नाही बघून, मी कन्नडातून विचारून घेतो. एक-दोघी बोलल्याही आहेत.