अमेरिकन गाडीची हनुवटी

त्या दुष्काळी उन्हाळ्यात अख्खा कर्जत तालुका पाण्याच्या मागे धावत होता, आणि माझे दाजी एका अमेरिकन मोटारीच्या पुढच्या बंपरखाली पत्रा बसवत होते. आज हे कुणाला सांगितलं तर माणूस माझ्याकडे डोळे बारीक करून बघतो. दाजी वेडे नव्हते. त्यांचं गणित सरळ होतं: पत्रा नीट बसला, तर मुंबईला कायमची नोकरी आणि राहायला खोली मिळणार होती. नाही बसला, तर इथंच.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नगरच्या रस्त्याला, गावाबाहेर, त्यांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार लाकडी खांब, वर पत्रे आणि खाली तेल पिऊन काळी झालेली जमीन. पण उसाच्या हंगामात तिथे ट्रकांची रांग लागायची, आणि मिस्त्री म्हटलं की पंचक्रोशीत दुसरं नाव निघत नसे. मग पाऊस गेला, ऊस गेला, त्यामागे ट्रक गेले. मी जवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षक होतो. मे महिन्याच्या सुट्टीत ताईकडे राहायला आलो होतो, बहिणीच्या मायेने म्हणा हवं तर. खरं म्हणजे माझ्या गावची विहीर आटली होती आणि इथे निदान नदीच्या वाळूत झिरा लागत होता.

त्या झिऱ्यावर ताई पहाटेच जाऊन बसायची. वाळूत हातभर खड्डा करायचा, पाणी गोळा व्हायची वाट बघायची, वाटीने घागर भरायची. घागर भरेपर्यंत सूर्य वर यायचा. घरी आली की पहिलं वाक्य हेच, "मुंबईत नळ सोडला की बदाबदा पानी येतं म्हनं. खरं व्हय रं?"

मी म्हणायचो, "खरं आहे. पण बंद करायला विसरलीस तर घरमालक शिव्या देतो."

"दिऊ दे शिव्या. मी ऐकून घीन," ताई म्हणायची, आणि खरोखर हसायची.

गाडी आणली ती श्रीगोंद्याकडच्या एका बागायतदाराच्या मुलाने. तो मुंबईला राहायचा. त्याला मोटारी पळवायची हौस होती, आणि हौसेला मोल नाही म्हणतात ते अशा घरांसाठीच. वडिलांचा ट्रक एकदा भर रस्त्यात बंद पडला असताना दाजींनी तो जागेवर चालू करून दिला होता, तेवढीच ओळख. गाडी दोन दारांची, लांबलचक, आठ सिलिंडरची. कुणी अमेरिकन साहेब मायदेशी जाताना विकून गेला आणि दोन-तीन हात फिरून ती याच्याकडे आली. ती चालू झाली की गॅरेजच्या पत्र्यांवरची माती खाली पडायची.

गाडीचं दुखणं असं होतं की मोकळ्या धावपट्टीवर ती जोरात सोडली की तिचं नाक उचलायचं. स्टिअरिंग हातात हलकं व्हायचं, पुढची चाकं जमिनीला धरून राहायची नाहीत. मालकाजवळ एक इंग्रजी मासिक होतं. त्यात तसल्याच एका गाडीच्या बंपरखाली एक पट्टी पुढे आलेली दिसत होती. तिला स्पॉयलर म्हणतात, ती वाऱ्याला गाडीच्या पोटाखाली घुसू देत नाही आणि नाक खाली धरून ठेवते, असं त्याने समजावलं. दाजींनी चित्र उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाले, "म्हंजी गाडीला हनुवटी बशीवायची."

मालक हसला. "हो, हनुवटीच. आणि मिस्त्री, हे काम जमलं तर तुम्ही माझ्याबरोबर मुंबईला चला. मला या गाडीला कायमचा माणूस हवाय. मागे खोली आहे, नळ आहे. पण एक लक्षात ठेवा, हे हलकं हवं."

दाजींनी मान डोलावली. नळ हा शब्द ताईने दाराआडून ऐकला आणि तिने त्या दिवशी मालकाला चहा दिला, तोही दुधाचा. दूध कुठून आणलं ते मी विचारलं नाही.

मग कामाला लागलो. हो, मीही लागलो. मास्तरला सुट्टीत दुसरं काय काम! गाडी ओंडक्यांवर चढवली. चहाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून दाजींनी साचा केला. बंपरखाली धरायचा, लांब जाऊन उकिडवं बसून बघायचं, परत येऊन कातरीने नखभर कापायचं. एका बाजूचा बाक दुसऱ्या बाजूला तंतोतंत यावा म्हणून पुठ्ठा उलटा करून लावायचा. दोन दिवस हेच चाललं. मला कंटाळा आला, पण मी कबूल करतो, शेवटी तो पुठ्ठा गाडीखाली असा बसला की गाडी तो घेऊनच जन्माला आली असावी असं वाटलं. दाजींनी बिडी पेटवली आणि ताईला हाक मारून दाखवलं. ताई म्हणाली, "झ्याक दिसतीया. खालचा ओठ फुगवून बसल्यावानी." तिला गाडीचं काही पडलं नव्हतं, पण त्या दिवसापासून ती शेजारणींना मुंबईच्या गोष्टी सांगू लागली.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. साचा झाल्यावर दाजींनी पातळ पत्र्याची हनुवटी कापली आणि लावून बघितली. अंगठ्याने दाबली तर ती लवली. सोडली तर परत आली. दाजींचा चेहरा पडला.

"ह्ये काय पापड हाय का? पहिल्याच खड्ड्याला वाकंल."

"वाकू द्या की," मी म्हणालो. "मालक हलकं म्हणाला होता."

"पाव्हणं, गिऱ्हाईक हलकं म्हनतंय आन् मोडलं की मिस्त्रीच्या नावानं बोंब मारतंय. माज्या हातचं काम आजपातूर मोडून परत आलं न्हाई."

आमच्याकडे चांगल्याला एकच शब्द आहे, दणकट. बैलगाडी घ्यायची ती दणकट, मुलगी द्यायची ती दणकट घरात, आणि नवरदेव काडी पैलवान असला तर बायका मांडवातच नाकं मुरडतात. जी वस्तू लवते ती आमच्या लेखी कच्ची. दाजींनी आयुष्यभर ट्रकच केले होते, आणि ट्रकचं काम म्हणजे दहा टन ऊस घेऊन नांगरटीतून निघालं तरी न हलणारं काम. त्यांनी मोडीतल्या ट्रकचा मागचा फाळका काढला. त्याच्या जाड पत्र्यातून त्याच साच्यावर हनुवटी कापली. अँगलचे तुकडे वेल्डिंग करून थेट चासीला बोल्टने आवळले. मग स्वतः त्यावर दोन्ही पायांनी उभे राहिले. ती तसूभर हलली नाही. वर पांढरा रंग मारला. बाहेरून बघणाऱ्याला पातळ काय आणि जाड काय, काहीच कळलं नसतं.

मालक गाडी पळवून बघायला आला त्या सकाळी ताईने गाडीला हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नारळ फोडला. नारळाचं पाणी जमिनीवर सांडलं तेव्हा ती चटकन म्हणाली, "आरं भांडं धरायचं हुतं की," आणि स्वतःच हसली. आम्ही गाडी घेऊन दुष्काळी कामातून तयार झालेल्या नव्या रस्त्यावर गेलो. रस्ता सरळसोट होता, मुरूम दाबून गुळगुळीत केलेला, आणि त्यावर दुसरं वाहन येण्याचा प्रश्नच नव्हता. कडेला बायाबापड्या खडी फोडत बसल्या होत्या. मुकादमाने सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं.

पहिल्या फेरीला गाडी गेली ती धुरळ्यात दिसेनाशी झाली. परत आली तेव्हा मालकाने खिडकीतून हात बाहेर काढून दाजींचा हात धरला. "बसलं मिस्त्री! नाक खाली बसलं! स्टिअरिंग हातात जड लागतंय, पहिल्यांदा!" दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते धुरळ्याच्या नावाखाली पुसत होते. माझ्या आयुष्यात मी त्यांना इतकं सुखी कधी पाहिलं नाही. मलाही वाटलं, सुटली माझी बहीण.

मालक म्हणाला, आता ओढ्यापर्यंत जाऊन येतो. त्याला थांबवावं असं कुणालाच सुचलं नाही.

पुढे एका कोरड्या ओढ्यावर दगडी फरशी होती. रस्ता तिथे थोडा खाली उतरून पुन्हा चढत होता. फरशी दिसल्यावर मालकाने ब्रेक मारला, ब्रेक मारल्यावर गाडीचं नाक आणखी खाली आलं आणि हनुवटी फरशीच्या काठाला अडकली. पातळ पत्रा असता तर दुमडला असता, फार तर फाटून पडला असता. हा फाळक्याचा पत्रा होता, अँगलवर आवळलेला. तो मोडला नाही. त्याने मागची चासी वाकवली, चासीने रेडिएटर मागे ढकलला आणि रेडिएटर पंख्यात गेला. आम्ही इतक्या लांबून तो आवाज ऐकला.

धावत पोचलो तेव्हा मालक कपाळ दाबून बाहेर उभा होता. थोडं खरचटलं होतं, बाकी धडधाकट. गाडीखालून गढूळ गरम पाणी वाहत होतं, वाफा निघत होत्या. खडी फोडणाऱ्या बायका आमच्या मागोमाग आल्या होत्या. त्या गाडीकडे बघतच नव्हत्या. त्या मुरमात जिरणाऱ्या पाण्याकडे बघत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "बया, एवढं पानी पेत हुतं व्हय ह्ये!"

दाजी गाडीखाली शिरले. बराच वेळ तिथेच राहिले. बाहेर आले तेव्हा गाडीच्या हनुवटीवर फक्त एक ओरखडा होता, ती जशीच्या तशी जागेवर होती. त्यांनी ती हाताने हलवून बघितली. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला आणि इतकी कीव आली की मी तोंड फिरवलं.

मालक ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. त्याने बोटांनी पत्र्याची जाडी बघितली आणि शांतपणे म्हणाला, "आकार बरोबर आहे, मिस्त्री. अगदी बरोबर. तुमच्याकडे पुठ्ठ्याचा साचा असेल ना? तो मला द्या. मुंबईला पातळ पत्र्यात करून घेतो."

"मी करतो की पातळ," दाजी म्हणाले. "दोन दिवसांत करतो. चासीबी सरळ करतो. म्या यतो संगं."

"नको. तुमचा हात ट्रकचा आहे. तिथेच तो चांगला आहे."

दुसऱ्या दिवशी बागायतदाराचा ट्रॅक्टर आला आणि गाडी ओढून घेऊन गेला. मागच्या सीटवर पुठ्ठ्याचा साचा होता, सुतळीने नीट बांधलेला. तो दाजींनीच बांधून दिला होता.

ताई झिऱ्यावरून आली, घागर उतरवली, दारात उभी राहून मोकळ्या गॅरेजकडे बघितलं. शेजारीण मुंबईचं विचारायला डोकावली तेव्हा ती एकदम कडाडली, "न्हाई जात. झालं समाधान?" मग आत जाऊन चुलीपुढे रडली. मी तिच्याजवळ बसलो.

संध्याकाळी डोळे पुसून ती दाजींना म्हणाली, "उद्या रस्त्याच्या कामावर मुकादम नवी नावं घेनार हाय. दोगांची घालू. खायला सुकडी तरी मिळंल."

दाजी म्हणाले, "व्हय."

सकाळी मी त्यांच्याबरोबर गेलो. रांग मोठी होती. नावं घेणारा मुकादम वेगळा, परगावचा होता, दाजींना ओळखत नव्हता. तो प्रत्येकाला नाव विचारायचा, गाव विचारायचा आणि काय काम येतं ते विचारायचा. गवंडी, सुतार, लोहार असला तर त्याला वेगळं काम मिळायचं, सावलीतलं. दाजींची पाळी आली. मागून ताईने त्यांच्या पाठीला हात लावला.

"काम काय येतं?" मुकादमाने विचारलं.

दाजींनी स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"काई न्हाई येत," ते म्हणाले.

मुकादमाने त्यांना खडीवर लावलं.